पाखरांचा सुभेदार

मामा, तुमचा गडी तयार झाला, पण त्याला पोट सुटलंय. साच्यात वाळू नीट बसली नाही, चूक माझी. मी कानस घेऊन पोट घासायला बसलो, तर मामी म्हणाल्या, "असू द्या, त्येंच्यासारखाच झालाय." म्हणून तसाच ठेवला. आता माझ्यासमोर पाटावर उभा आहे आणि पोट पुढे काढून माझ्याकडे बघतो आहे.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. सेलमला दुकानात तार आली, हातातली मूस खाली ठेवली आणि निघालो, तरी पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. सावडायला तेवढा हजर होतो. दहाव्याला लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. सुभेदार शिस्तीचे, सुभेदार शब्दाचे पक्के, सुभेदारांनी कधी पाठ दाखवली नाही. हे शेवटचं ऐकलं आणि त्या दुःखातही मला हसू फुटलं. उपरणं तोंडाला लावलं. शेजारच्यांना वाटलं, जावई रडतोय. पाठ दाखवण्यात तुमच्याइतका पटाईत माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि ती विद्या तुम्ही मला आठ वर्षं शिकवत होतात.

माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही फौजेतून नुकतेच घरी आला होतात. कोरेगावच्या अलीकडचं गाव, थोडा ऊस, एक म्हैस आणि माळ्यावर काळी ट्रंक. पहिल्या दिवाळसणाला तुम्ही मला अंगठी घातलीत. आमच्या विट्याकडची अर्धी माणसं देशभर गलाईची दुकानं टाकून बसलेली, सोनं आटवण्यात जन्म जातो, त्यामुळे अंगठी बोटात पडली की आधी तिचं वजन मनात जोखायचं ही सवय. मी जोखत होतो तेवढ्यात तुम्ही ट्रंक उघडून एक खोका काढलात. बदली होऊन गेलेल्या कुठल्याशा साहेबाच्या पोरांनी टाकून दिलेला विलायती खेळ. "पाव्हणं, बसा," म्हणालात. मला वाटलं सोंगट्या असतील.

खोक्यात एक लांबडा पट होता, चौकोनी घरांचा, हिरवा. एका बाजूचे सात गडी धिप्पाड, शिंगंवाले. दुसऱ्या बाजूचे सात लांब कानांचे आणि काडीसारखे. एक चेंडू. चेंडू घेऊन समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की एक गुण, आणि वाटेत हाणामारीला पूर्ण मुभा. एवढं पुस्तकातून कळलं. पुढची पानं वाळवीने खाल्ली होती, तेव्हा तिथून पुढचे नियम तुम्ही हुकूम काढून ठरवलेत. शिंगंवाल्यांना तुम्ही रेडे म्हटलंत, काडीवाल्यांना पाखरं. पाव्हण्याला थोरली बाजू द्यायची म्हणून रेडे माझ्याकडे आले. मी पन्नास किलोचा, सोन्याच्या धुरात वाळलेला माणूस; तुम्ही सहा फुटी, तुमची हाक कॅनॉलच्या पलीकडे जायची. बघणाऱ्याला वाटलं असतं की दोघं चुकून उलटे बसलेत.

नियम सोपे होते. एका खेळीत आपले सातही गडी हलवायचे. रेडा शेजारच्या घरात आला की पाखराला ठोसा मारायचा. ठोसा बसला की फासा टाकायचा. एक, दोन किंवा तीन पडलं तर पाखरू नुसतं आडवं व्हायचं आणि पुढच्या खेळीला उठायचं. चार-पाच पडलं तर त्या दिवसापुरतं बाहेर. सहा पडला की ते गेलं, कायमचं. रेड्यांना मरण नव्हतं. पाखरांना पळता यायचं, एवढीच त्यांची मिळकत, आणि रेड्याच्या अंगाशी आलेल्या पाखराला निसटायचं तर त्यालाही फासा लागायचा. एक पडला की पाखरू तोंडावर आणि पूर्ण खेळी बुडाली. मी मनात म्हटलं, अर्ध्या तासात उरकून जेवायला बसू. तीन-शून्य हरलो. माझ्या रेड्यांना एकदाही ठोसा मारायची संधी मिळाली नाही.

तुम्ही पट आवरत म्हणालात, "पाव्हणं, तुमी लय शूर हायसा. शूर गडी कुटं जानार ते समद्यास्नी आधीच म्हाईत असतंय."

तुमचं शास्त्र मग मी हळूहळू शिकलो, म्हणजे मार खाऊन शिकलो. रेड्यापासून दोन घरं लांब राहायचं, कारण एक घर लांब म्हणजे त्याच्या पुढच्या पावलात आपण आलोच. ज्या चालींना फासा लागत नाही त्या आधी उरकायच्या आणि फासा अगदी शेवटी टाकायचा, मग एक पडला तरी बाकीचे सहा आपापल्या जागी नीट पोचलेले असतात. चेंडू हातात आला म्हणून धावत सुटायचं नाही. तो घेऊन मागे, आपल्याच रेषेपाशी, निवांत बसायचं. रेडे वैतागून एका अंगाला जमले की दुसऱ्या अंगाने सुटायचं. तुम्ही तंबाखू मळत अशा काही सावकाशीने बसायचात की माझंच डोकं फिरायचं आणि माझे सातही रेडे कोपऱ्यात जाऊन गर्दी करायचे. तेव्हा तुम्ही तंबाखूची चिमूट तोंडात टाकायचात. ती चिमूट पाहिली की मला कळायचं, गेला हा गुण.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. दर डावात तुम्ही नवा गडी पुढे उभा करायचात, मुद्दाम, रेड्यांच्या तोंडाशी. माझे रेडे त्याच्यावर तुटून पडायचे आणि तेवढ्यात बाकीची सहा पसार. "नवा गडी फुडं," हा तुमचा नियम. आणि दुसरा, पडलेल्याकडे बघायचं नाही. मी म्हणायचो, मामा, हा पळपुटेपणा झाला, वर त्यात निर्दयपणा. तुम्ही रागवायचा नाहीत. एकदाच म्हणालात की पलटणीत कुंडलकडचा एक गडी होता, तुमच्याहून शूर, आणि त्याच्या बायकोला पत्र लिहायचं काम तुमच्याकडे आलं होतं. एवढं बोलून फासा धोतराला पुसलात आणि म्हणालात, तुमची खेळी.

हा वाद आपला राहिलाच.

प्लास्टिकची पाखरं दोन वर्षांत मोडली. मी सेलमहून शिशाची सात ओतून आणली. त्यातलं एक साच्यातून तिरकं निघालं, एका अंगाला झुकलेलं. मी ते परत आटवणार होतो, तुम्ही हिसकावून घेतलंत. वाकड्या. त्याच्याच हाती चेंडू द्यायचात. पडलेल्याकडे बघायचं नाही म्हणणारे तुम्ही, वाकड्या पडला की सगळी पलटण माघारी वळवायचात. मी हे दाखवून दिलं की म्हणायचात, ते येगळं.

शिशाची पाखरं आल्यावर तुम्हाला नवाच हुकूम सुचला. मेला म्हणजे मेला, मेलेला गडी घरात ठेवायचा नाही. त्याला आटवायचं, आणि त्याच शिशातून नवा गडी ओतून त्याला नवं नाव द्यायचं. जगात कुठे हा खेळ असा खेळत असतील असं मला वाटत नाही. पण जावई गलाईवाला म्हटल्यावर तुम्हाला ती अगदी सोय वाटली. पहिला गेला तो शिरप्या. अंगणात तीन विटा मांडल्या, जुन्या पळीत शिरप्या ठेवला, तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. शिरप्या पातळ झाल्यावर तुम्ही जाहीर केलंत की आज सुतक, आज डाव नाही. मामी आतून म्हणाल्या, "सुतक हाय न्हवं? मंग च्या न्हाई, भजीबी न्हाईत." पुढच्या मरणापासून सुतक पाच मिनिटांवर आलं.

मी सेलमला असलो की डाव पोस्टकार्डावर चालायचा. आपापला फासा आपणच टाकायचा आणि आकडा कळवायचा. तुम्ही एकदा लागोपाठ तीन वेळा एक पडल्याचं लिहिलं होतंत, त्या दिवसापासून तुमच्या आकड्यांवर मी कधी शंका घेतली नाही. कार्ड उघडं असल्यामुळे तुमच्या गावचा पोस्टमन सगळं वाचायचा आणि कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात मला सल्ला द्यायचा. तुम्हालाही द्यायचा, हे मला त्याच्याकडूनच दहाव्याला कळलं. मांडवात माझ्याशेजारी बसून डोळे पुसत म्हणाला, "सुबेदारांचं डावं अंग कच्चं हुतं. मी सांगत हुतो त्यास्नी." मामा, त्या सगळ्या मांडवात तुम्हाला खरं ओळखणारा तेवढा एकच बोलला.

मग दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पुण्याला नेऊन ऑपरेशन करून घ्या, उशीर करू नका. त्या दिवसापासून तुम्ही ऑपरेशनला रेडा धरलंत आणि त्याच्यापासून दोन घरं लांब राहिलात. आधी ऊस जायचा होता. मग यात्रा आली. मग पितृपंधरवडा लागला. मग म्हैस व्यायची होती. तुमच्या सांगण्यावरून ती म्हैस त्या एका वर्षात तीनदा व्याली. पुण्याची तारीख ठरली की तुम्ही आदल्या आठवड्यात सुमनला पत्र लिहून बोलवायचात, मग लेक आली म्हणून जाता येत नाही म्हणायचात. आणि सांगलीला तपासायला जायचं तेव्हा मला पुढे उभं करायचात. डॉक्टर सगळा राग माझ्यावर काढायचे, तुम्ही शिक्षित लोक, तुम्हाला कळत नाही का, वगैरे, आणि मी मान खाली घालून मागे बघायचो तर तुम्ही बाहेर उसाचा रस पीत असायचात. नवा गडी पुढे. तेव्हाही मला हसू यायचं. पण जिना चढताना तुम्ही मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायचात, ते मला दिसत होतं.

गेल्या यात्रेला मी आलो तो ठरवूनच आलो. पट मांडला आणि म्हटलं, मामा, आज मी जिंकलो तर महिन्याच्या आत पुणे. तुम्ही विचारलंत, आणि मी जिंकलो तर? मी म्हटलं, तर मी पुन्हा ऑपरेशनचं नाव काढणार नाही. आठ वर्षांत तुमच्याशी मी सहा-सात वेळाच जिंकलो असेन. असली पैज लावणारा माणूस मूर्खच म्हणायचा. पण तुम्ही शब्दाचे पक्के, हे दहाव्याला लोक म्हणाले ते खरंच होतं, आणि तुम्हाला दवाखान्यात न्यायला मला दुसरी वाट दिसत नव्हती.

त्या दुपारी मी तुमच्यासारखा खेळलो. तुमचा नवा गडी पुढे उभा होता, माझ्या एका रेड्याने त्याला मारलं, सहा पडला, तो गेला. पण बाकीचे रेडे मी जागचे हलवले नाहीत. तुम्ही भुवई वर केलीत. गुण एक-एक झाले, पुढचा गुण घेईल त्याचा डाव. शेवटी वाकड्या चेंडू घेऊन माझ्या रेषेपासून तीन घरांवर होता आणि माझा रेडा त्याच्या अंगाला लागून होता. खेळी माझी. ठोसा मारायचा, एवढंच काम. वाकड्या नुसता आडवा झाला असता तरी बस होतं, चेंडू सुटून माझ्या रेड्याच्या हाती आला असता आणि तुमच्या रेषेपर्यंत वाट मोकळी होती.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही एरवी अशा वेळी बडबड करायचात, माझ्या रेड्यांच्या आईबापाचा उद्धार करायचात. त्या दिवशी नुसते वाकड्याकडे बघत होतात. तंबाखू हातातच होती. मी रेडा उचलला आणि एक घर बाजूला ठेवला, जसं काही मला पुढची वाट अडवायची होती. वाकड्या मोकळा झाला.

तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, असं खेळू नगासा. मला कळतंय."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"न्हाई चुकलं." आणि मग तुम्ही वाकड्याला तीन घरं चालवत नेलंत, रेषेपलीकडे ठेवलंत, आणि चिमूट तोंडात टाकलीत. "पर डाव तो डाव."

मामा, तुम्हाला काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. जावयाला सासऱ्याची दया आली, वाकड्याचा लळा लागला, म्हणून त्याने डाव सोडला. सुमनलाही तेच वाटतं. मी कोणाला सांगितलं नाही ते आज सांगतो. मी घाबरलो. माझ्या हट्टाने तुम्ही पुण्याला गेला असतात, टेबलावर झोपला असतात आणि उठला नसतात, तर जन्मभर मामींपुढे आणि सुमनपुढे कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो? तो फासा मला टाकायचा नव्हता. आठ वर्षं तुम्हाला पळपुटे म्हणणारा मी, रेडे घेऊन बसलेला, त्या दुपारी तुमच्याआधी निसटलो. तुम्ही दोन घरं लांब होतात, मी तर पटाबाहेर गेलो.

सात महिने मी शब्द पाळला. ऑपरेशनचं नाव काढलं नाही, पोस्टकार्डावरही नाही. पोस्टमनने मात्र तीनदा कडेला लिहिलं होतं की सुभेदार धापा टाकतात. मी त्याला उत्तर दिलं नाही. मग त्या सकाळी तुम्ही रानातून आलात, बूट सोडायला खुर्चीवर बसलात, आणि एक बूट सुटला.

हे सगळं परवा सुमनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुमी वाकड्याला पाडलं असतं तर बाबा म्हनलं असतं, दुसरा डाव मांडा. पुन्याला ते जानारच न्हवतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पर तुमी पाडाया पायजे हुतं." दोन्ही तिने त्याच आवाजात सांगितलं. मला दोन्ही खरं वाटलं. मग मी तिच्यासमोर बसून रडलो, उपरण्याशिवाय.

तेराव्यानंतर मी सेलमला निघायच्या तयारीत होतो. मामी आतून खोका घेऊन आल्या, वर तुमच्या फौजेतल्या पट्ट्याचं पितळी बक्कल ठेवलेलं. म्हणाल्या, एक गडी कमी आहे. खरंच होतं, त्या पैजेच्या डावात गेलेल्या पाखराच्या जागी नवा ओतायचा राहूनच गेला होता. मला वाटलं त्यांना बक्कल आठवण म्हणून द्यायचंय. त्या म्हणाल्या, "त्येंचाच नेम हाय. जो गेला त्येच्यातनंच नवा गडी." मी म्हटलं, मामी, ते शिशाच्या पाखरांसाठी होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विट्याला जाऊन भट्टी आणि मूस घेऊन आलो. पितळ शिशासारखं मऊ नाही मामा, पळीत नमत नाही. तुम्हाला आटवायला चांगलीच आच लागली. अंगणात मी टोपी काढून उभा राहिलो. मामींनी त्या दिवशी चहा दिला.

आज दुपारी डाव मांडला. पाखरं मी घेतली, दुसरं कोणी घेणारं नव्हतं. रेडे सुमनने घेतले. आठ वर्षं ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, हातात कधी फासा धरला नव्हता. मी तुम्हाला मागे, वाकड्याच्या शेजारी ठेवत होतो. मामी म्हणाल्या, "नवा गडी फुडं." मी म्हटलं, मामी, अहो हे मामा आहेत. "असूद्यात. नेम हाय."

तेव्हा तुम्ही पुढे उभे राहिलात, पिवळे धमक, पोट काढून, सात रेड्यांच्या तोंडाशी. मला वाटलं लेक बापाला वळसा घालून जाईल. तिने पहिल्याच खेळीत रेडा उचलला आणि तुमच्या अंगाला लावला. ठोसा बसला. तिने फासा टाकला आणि तोंड फिरवलं. मीही बघितलं नाही. मामींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन."

म्हणजे आडवे. नुसते आडवे.

सुमनने बाकीचे रेडेही तिकडेच आणले; आता खेळी माझी होती. तुमच्या शास्त्राप्रमाणे पडलेल्याकडे बघायचं नव्हतं. वाकड्याकडे चेंडू होता, सगळे रेडे तुमच्याभोवती जमले होते, दुसरं अंग पूर्ण रिकामं होतं. पोस्टमन ओट्यावर बसून मला हातानं तीच वाट दाखवत होता. पण तुमचंच दुसरं शास्त्र असंही आहे, की फाशाशिवाय होणारी चाल आधी करायची, आणि आपल्या नियमात पडलेल्याला उठायला फासा लागत नाही.

मी आधी तुम्हाला उभं केलं.